प्रवासाची शिदोरी

(प्रवासास निघताना आपण कपडे, भांडी, खाण्याचे पदार्थ आठवणीने बरोबर घेतो. पुस्तके मात्र बहुधा विसरतो. प्रवासाआधी कोणती पुस्तके वाचावीत आणि कोणती बरोबर न्यावीत, यासंबंधी आपणांस आलेला अनुभव एका निवृत्त मुख्याध्यापकांनी या पाठात सांगितला आहे.)

प्रवासाचा दिवस ठरला, की घरात केवढी लगबग सुरू होते! आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवते. वडील गाडीची चाके तपासतात. "पाणी घेतले का?" असे आजी दहा वेळा विचारते. शिदोरीवाचून वाटेला लागू नये, हे आपल्या वाडवडिलांचे शहाणपण आहे. परंतु मुलांनो, पोटाला जशी शिदोरी लागते, तशी ती मनालाही लागते. मनाची शिदोरी म्हणजे पुस्तके. ही शिदोरी कशी निवडावी, हे मी शिक्षक असूनही मला पुरते ठाऊक नव्हते. ते मला ज्याने शिकवले, तो कोणी पंडित नव्हता. तो माझ्याच शाळेतील सहावीचा एक विद्यार्थी होता.

आमचा आष्टी तालुका बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आहे. येथे पाऊस बेताचाच पडतो. जमीन बहुतेक कोरडवाहू आहे. पावसाने साथ दिली, तर बाजरी-ज्वारी पदरात पडते. नाही तर दसरा उलटताच पुष्कळ कुटुंबे ऊसतोडणीसाठी दूरच्या मुलखात जातात. १९५० मध्ये प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे पश्चिम महाराष्ट्रात असे अनेक कारखाने उभे राहिले. तेथे पाणी होते, म्हणून ऊस वाढला. ऊस वाढला, म्हणून तो तोडणारे हात हवे झाले. ते हात आमच्यासारख्या दुष्काळी भागातून जाऊ लागले. आजही दिवाळीच्या आगेमागे आमच्या रस्त्यांवर दोन प्रकारचे प्रवासी दिसतात. काही जण सुटीत देव-लेणी पाहावयास निघालेले असतात आणि काही जण पोटासाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेले असतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सहामाही परीक्षा आटोपली होती. शाळेच्या ग्रंथालयाचे कपाट मी उघडून बसलो होतो. ग्रंथालय म्हणजे काय, तर एक लाकडी कपाट आणि त्यात दोन-अडीचशे पुस्तके! त्या दिवशी दोन मुले पुस्तके मागावयास आली. एक सातवीतील मुलगी होती आणि दुसरा सहावीतील मुलगा होता.

मुलीच्या वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. ते तीन दिवसांसाठी घरच्या सर्वांना जीपगाडीने वेरूळला घेऊन जाणार होते. तिने कपाटातले सर्वांत जाड, चकचकीत वेष्टनाचे पुस्तक उचलले. मी म्हणालो, "बाळ, पुस्तक वेष्टनावरून निवडू नये. आधी मला तीन प्रश्नांची उत्तरे दे. प्रवास किती दिवसांचा? पाहावयाचे काय? आणि बरोबर कोण कोण आहे?"

ती म्हणाली, "तीन दिवसांचा, गुरुजी. लेणी पाहायची आहेत. आई-बाबा आहेत, आजी आहे आणि माझा चार वर्षांचा भाऊ आहे. तो गाडीत फार रडतो."

"तर मग पहिले पुस्तक वेरूळच्या लेण्यांवरचे घे," मी म्हणालो. "मात्र ते निघण्यापूर्वीच वाचून टाक."

"आधी का, गुरुजी? गाडीत वाचीन की!"

तिचा प्रश्न योग्य होता. त्याची दोन उत्तरे मी तिला दिली. पहिले उत्तर शरीराचे आहे. धावत्या गाडीत आपण पुस्तकात डोळे खुपसून बसलो, की डोळ्यांना अक्षरे स्थिर दिसतात. परंतु कानाच्या आतील भागात शरीराचा तोल राखणारे जे इंद्रिय आहे, त्याला गाडीचे हेलकावे जाणवत असतात. डोळे एक सांगतात आणि कान दुसरेच सांगतो. मेंदूचा गोंधळ उडतो आणि आपल्याला मळमळू लागते. म्हणून गाडीत पुस्तक वाचण्यापेक्षा आधी वाचलेली गोष्ट मोठ्याने सांगत जावे. त्यामुळे सांगणाऱ्याला मळमळत नाही आणि ऐकणारा धाकटा भाऊ रडतही नाही!

दुसरे उत्तर मनाचे आहे. वेरूळला चौतीस लेणी आहेत. त्यांपैकी सोळावे लेणे म्हणजे कैलास मंदिर. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात ते घडले, असे मानतात. ज्याने काहीच वाचलेले नाही, तो त्या मंदिरापुढे उभा राहतो आणि म्हणतो, "वा! केवढे मोठे देऊळ बांधले आहे!" परंतु ते बांधलेले नाहीच. एका अखंड डोंगरातून ते वरून खाली कोरीत आणलेले आहे. इतर देवळांचा पाया आधी घालतात आणि कळस शेवटी चढवितात; येथे कळस आधी घडला आणि पाया शेवटी. एखादा हात चुकता, तर निघालेला दगड पुन्हा जोडता आला नसता. हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे पाय त्या अंगणात आपोआप थबकतात. डोळे दोघांचे सारखेच असतात; पण एकाला दगड दिसतो आणि दुसऱ्याला दगडामागचा माणूस दिसतो.

मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. वेरूळच्या लेण्यांजवळच घृष्णेश्वराचे देऊळ आहे. त्याचा जीर्णोद्धार पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी केला. त्या अहिल्याबाईंचा जन्म १७२५ मध्ये चौंडी या गावी झाला. हे चौंडी आपल्या शेजारच्या जामखेड तालुक्यात, सीना नदीच्या काठी आहे. हे ऐकताच मुलगी आश्चर्याने म्हणाली, "म्हणजे आपल्याकडच्याच की!" दूरचे वेरूळ एका क्षणात तिच्या घराजवळ आले. प्रवासाआधी केलेल्या वाचनाचा हा मोठाच लाभ आहे.

लेण्यांवरच्या पुस्तकाबरोबर तिने भा. रा. भागवतांचे 'फास्टर फेणे'चे एक पुस्तकही घेतले. फुरसुंगीच्या त्या हडकुळ्या, चपळ मुलाची साहसे रात्री मुक्कामावर आजीलाही ऐकवीन, असे सांगून ती उड्या मारीत निघून गेली.

आता त्या मुलाची पाळी होती. तो सर्व वेळ दाराशी उभा राहून ऐकत होता.

"तू कोठे निघालास?" मी विचारले.

"सांगलीकडं, गुरुजी. टोळीबरोबर. पट्टा पडला की येऊ."

पट्टा पडणे म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणे. म्हणजे पाच-साडेपाच महिने! ऊसतोडणीच्या कामात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' समजतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतलेले असतात, त्यांना 'उचल' म्हणतात. ती उचल फिटेपर्यंत फडात राबावे लागते. आई-वडील पहाटे फडावर गेले, की मागे कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम मोठ्या मुलांकडे येते.

मी मनात विचार केला, की या मुलाचा अभ्यास बुडणार. म्हणून मी त्याच्यासमोर गणिताचे, व्याकरणाचे आणि सामान्यज्ञानाचे अशी तीन पुस्तके ठेवली. त्याने ती आदराने हातांत घेतली, चाळली आणि खाली ठेवली. मग तो थोडा घुटमळत म्हणाला, "गुरुजी, मीपण तीन गोष्टी विचारू का?"

"विचार की."

"हे मोठ्यानं वाचलं तर सगळ्यांना गोडी लागंल का? कोपीत दिवा एकच असतो. आईला वाचता येत नाही, बहीण लहान आहे."

मी गप्प राहिलो.

"आणि हे एकदा संपल्यावर पुन्हा वाचावं वाटंल का? तिकडं दुसरं पुस्तक मिळायचं नाही."

मी तरीही गप्पच होतो.

"आणि गुरुजी, हे भिजलं, फाटलं, तर तुम्ही रागवाल का?"

या तिसऱ्या प्रश्नाने माझी मान खाली गेली. त्याचे कारण त्या मुलाला ठाऊक नव्हते. पण मुलांनो, तुमच्यापासून मी ते लपवीत नाही.

त्याच्या तीन-चार वर्षे आधी अशीच एक मुलगी टोळीबरोबर जाण्यापूर्वी गोष्टींचे पुस्तक मागावयास आली होती. मी तिला म्हणालो होतो, "तू सहा महिने जाणार. पुस्तक परत येईल कशावरून? परत आलीस, की मग ने." माझ्या नोंदवहीच्या दृष्टीने माझे वागणे अगदी बिनचूक होते. ती काही न बोलता गेली. हंगाम संपला. टोळी परत आली. पण ती मुलगी शाळेत आली नाही. पुढच्या वर्षीही आली नाही. पुस्तक दिले असते, तर ती नक्की परत आली असती, असे मी म्हणत नाही. शाळा सुटण्याची कारणे पुस्तकाहून मोठी असतात. परंतु ती आणि शाळा यांच्यामध्ये एक धागा ठेवणे माझ्या हाती होते, आणि तो मी ठेवला नाही. पुस्तक कपाटात सुरक्षित राहिले; मुलगी मात्र शाळेतून गेली.

म्हणून मी त्या मुलाला जवळ बसवून घेतले. "रागावणार नाही," मी म्हणालो. "वाचून फाटलेले पुस्तक मला न वाचता कोऱ्या राहिलेल्या पुस्तकापेक्षा प्रिय आहे. चल, आपण दोघे मिळून निवडू."

त्याच्या तीन प्रश्नांचे माप लावून आम्ही कपाट धुंडाळले. पहिले पुस्तक निघाले साने गुरुजींचे 'श्यामची आई'. त्याचा बराचसा भाग साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिला. आश्रमातील मित्रांना श्याम रोज रात्री आपल्या आईची एकेक आठवण सांगतो, अशी त्याची रचना आहे. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. दिवसभर राबून आलेल्या माणसांना रात्री एकेक प्रकरण ऐकता यावे, यासाठीच जणू ते लिहिले आहे!

दुसरे पुस्तक होते जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांच्या 'तोत्तोचान'चा मराठी अनुवाद. मूळ पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील तोत्तोचानला एका शाळेतून काढून टाकतात. मग ती दुसऱ्या शाळेत जाते. त्या शाळेचे वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरत असतात. पहिल्या दिवशी तेथील मुख्याध्यापक त्या चिमुरडीचे बोलणे चार तास ऐकून घेतात. हे मी सांगितले, तेव्हा मुलगा हसून म्हणाला, "गुरुजी, मग आमची शाळा ट्रॉलीत भरंल!"

तिसरे पुस्तक होते नकाशांचे. ते बरोबर न्यावयाचे नव्हते. निघण्यापूर्वी वाचावयाचे होते. होय मुलांनो, नकाशाही वाचावयाचा असतो. आम्ही बोटाने त्याची वाट रेखली. आष्टीहून जामखेड, करमाळा, टेंभुर्णी, पंढरपूर, सांगोला आणि पुढे मिरज. मग आम्ही निळ्या रेघा पाहिल्या. आमच्या तालुक्यातील बऱ्याच भागाचे पाणी सीनेला मिळते. सीना भीमेला मिळते. ती भीमाच पंढरपुरात चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. पुढे रायचूरच्या बाजूला भीमा कृष्णेला मिळते; आणि सांगली तर कृष्णेच्याच काठी वसली आहे. मी म्हणालो, "पाहिलेस? तुझ्या गावचे पाणी आणि तू, दोघांच्या वाटा वेगळ्या. पण दोघेही कृष्णेकडेच निघालात." तो कितीतरी वेळ त्या रेघांवरून बोट फिरवीत राहिला. नंतर त्याने वहीत गावांची आणि नद्यांची नावे क्रमाने उतरवून घेतली.

तीन दिवसांनी टोळी निघाली. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत भांडी, अंथरुणे, सरपण, कोंबड्या आणि माणसे एकत्र बसली होती. मुलाने दोन्ही पुस्तके खताच्या रिकाम्या, धुतलेल्या पिशवीत गुंडाळून धान्याच्या पोत्यात ठेवली होती. ट्रॅक्टर सुरू झाला, तेव्हा तो ओरडून म्हणाला, "गुरुजी, पहिली सीना!"

चैत्र लागला. ऊन तापू लागले. एके दिवशी तो मुलगा शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. अंगाने वाळला होता, पण डोळ्यांत तेज होते. बेचाळीस रात्री पूर्ण होण्यास होळी उजाडली, असे त्याने सांगितले. कारण ऊस भरण्यासाठी गाडी कधीकधी रात्रीच येई आणि मग आई-वडिलांना उठून मोळ्या वाहाव्या लागत. त्या रात्री वाचन बंद राही. हळूहळू शेजारच्या कोप्यांतील मुलेही दिव्याभोवती बसू लागली. श्यामच्या आईच्या गोष्टी ऐकता ऐकता त्याची आई स्वतःच्या लहानपणीच्या गोष्टी सांगू लागली. त्या त्याने वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवल्या होत्या. ती वही त्याने मला दाखवली. 'आईची रात्र पहिली', 'आईची रात्र दुसरी' असे मथळे त्याने दिले होते. आमच्या कपाटात नसलेले एक पुस्तक तो घेऊन आला होता!

त्याने आणखी एक गोष्ट केली होती. जाण्यापूर्वी मी त्याच्या वडिलांना सांगितले होते, की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मुलाला गाव बदलले तरी तेथील शाळेत त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो. दाखला मिळण्यास वेळ लागला, तरी त्याला नाकारता येत नाही. कारखान्याजवळच्या एका गावातील शाळेत तो जमेल तितके दिवस बसला. ज्या दिवशी धाकट्या बहिणीला सांभाळावे लागे, त्या दिवशी शाळा बुडे. परंतु वाचन सुटले नव्हते, म्हणून आमच्या वर्गात परतल्यावर तो परका झाला नाही.

पुस्तकांची अवस्था मात्र बिकट होती. एकाचे वेष्टन गेले होते. दुसऱ्याच्या एका पानावर चुलीच्या ठिणगीने भोक पडले होते. नोंदवहीत 'पुस्तकाची स्थिती' असा एक रकाना असतो. त्यात बहुधा 'चांगली' किंवा 'खराब' असे लिहितात. मी थोडा विचार केला आणि लिहिले, 'वाचलेले'.

मुलांनो, तुम्हीही उद्या कोठेतरी निघाल. कोणी तीन दिवसांसाठी, कोणी सहा महिन्यांसाठी. ज्यांचे आई-वडील तोडणीस जातात, अशा काही मुलांना गावातील हंगामी वसतिगृहात राहून शाळा चालू ठेवता येते. जेथे ती सोय असेल, तेथे तिचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु घरी राहा वा वाटेला लागा, पुस्तक निवडताना एवढे ध्यानात ठेवा. जेथे जावयाचे आहे, त्या मुलखाविषयी निघण्यापूर्वीच वाचावे. वाटेत सांगता येईल, अशी एखादी गोष्ट आधीच मनात साठवून घ्यावी. बरोबर न्यावयाचे पुस्तक फक्त स्वतःपुरते पाहू नये. ते ऐकून घरची सारी माणसे जवळ येतील, असे निवडावे. प्रवास लांबचा असेल, तर पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटेल तेच न्यावे. आणि पुस्तक जपावे, पण फाटेल या भीतीने ते बंद ठेवू नये.

दशम्यांची शिदोरी वाटली, की कमी होते. पुस्तकांची शिदोरी जितकी वाटावी, तितकी वाढते. माझ्या त्या विद्यार्थ्याने एका दिव्याच्या उजेडात ती वाटली; आणि परत येताना तो नेली होती त्याहून अधिक घेऊन आला.

शब्दार्थ

शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले खाणे. कोरडवाहू – केवळ पावसाच्या पाण्यावर पिकणारी (जमीन). बिऱ्हाड – घरातील सामानसुमान, संसार. जीर्णोद्धार – मोडकळीस आलेल्या वास्तूची पुन्हा उभारणी. टोळी – एकत्र काम करणारा मजुरांचा गट. मुकादम – मजुरांची टोळी जमविणारा व तिच्यावर देखरेख करणारा. फड – तोडणीस आलेले उसाचे शेत. कोपी – पाचट, बांबू इत्यादींची तात्पुरती झोपडी. मोळी – तोडलेल्या उसाचा बांधलेला भारा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलीने सर्वांत प्रथम कोणते पुस्तक उचलले?
(आ) 'श्यामची आई' या पुस्तकाचा बराचसा भाग कोठे लिहिला गेला?
(इ) ऊसतोडणीच्या कामात 'कोयता' कशाला म्हणतात?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) धावत्या गाडीत वाचताना मळमळ का होते?
(आ) कैलास मंदिर इतर देवळांहून कोणत्या बाबतीत वेगळे आहे?
(इ) मुलाने गुरुजींना कोणते तीन प्रश्न विचारले? त्या प्रत्येकामागचे कारण सांगा.

३. "पुस्तक कपाटात सुरक्षित राहिले, मुलगी मात्र शाळेतून गेली." या वाक्यात लेखकाच्या मनातील कोणती भावना व्यक्त झाली आहे? आपले मत लिहा.

४. नोंदवहीतील 'पुस्तकाची स्थिती' या रकान्यात गुरुजींनी 'वाचलेले' असे का लिहिले असेल?

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : लगबग, घुटमळणे, थबकणे, पदरात पडणे, मान खाली जाणे.

६. पुढील वाक्यांतील विरुद्धार्थी शब्द शोधून लिहा : "इतर देवळांचा पाया आधी घालतात आणि कळस शेवटी चढवितात." "वाटली, की कमी होते. जितकी वाटावी, तितकी वाढते."

७. उपक्रम : नकाशासंग्रहात आपल्या गावाजवळची नदी शोधा. ती कोणत्या नदीला मिळते आणि शेवटी कोणत्या समुद्राला पोहोचते, ते क्रमाने लिहा. आजी, आजोबा किंवा आई यांच्याकडून त्यांच्या बालपणीची एक आठवण ऐका आणि 'रात्र पहिली' या मथळ्याखाली लिहून वर्गात वाचून दाखवा.